प्रश्न तुमचे : आईवडिलांचे लग्न चर्चमध्ये झालेले नाही, बाळाचा बाप्तिस्मा होईल का?

या अंकासाठी आलेल्या प्रश्नांत एकच विषय निरनिराळ्या तोंडांनी विचारला गेला आहे. कुणाचे लग्न फक्त नोंदणी पद्धतीने झाले, कुणी घटस्फोटानंतर दुसरे लग्न केले, कुणी लग्नच केलेले नाही. बाळ मात्र झाले आहे आणि त्याचा बाप्तिस्मा करायचा आहे. सारखे वाटणारे प्रश्न एकत्र केले आहेत.

आम्ही दोघेही कॅथलिक. लग्न नोंदणी कार्यालयात केले, चर्चमध्ये राहूनच गेले. मुलगी दोन महिन्यांची आहे. घरचे म्हणतात, आधी चर्चमध्ये लग्न लावा, त्याशिवाय फादर बाप्तिस्मा देणारच नाहीत. खरे आहे का? — एक आई

नाही. घरच्यांचा हेतू चांगला असेल, पण असा नियम कुठेही नाही.

चर्चचा सध्याचा कॅनन कायदा १९८३ चा आहे. त्याच्या ८६८व्या कलमात बालकाला बाप्तिस्मा देण्यासाठी दोनच अटी आहेत. पहिली, आईवडिलांची किंवा दोघांपैकी किमान एकाची संमती. आईवडील नसतील तर कायद्याने त्यांच्या जागी असलेल्या पालकाची. दुसरी, मूल कॅथलिक श्रद्धेत वाढवले जाईल अशी साधार आशा. आईवडिलांचे लग्न चर्चच्या दृष्टीने वैध असावे ही अट या कलमात नाही, आजूबाजूच्या कलमांतही नाही. उलट ८४३वे कलम सांगते की जो योग्य वेळी, योग्य तयारीने संस्कार मागतो आणि ज्याला कायद्याने मनाई नाही, त्याला धर्मगुरूंनी संस्कार नाकारू नये. बाप्तिस्मा मागते आहे ती तुमची मुलगी, तुमच्या तोंडून. तिच्या बाजूने कसलाच अडथळा नाही.

आता दुसऱ्या अटीतले बारकावे पाहा. कायदा खात्री मागत नाही, आशा मागतो; आणि ती आशा ‘पूर्णपणे’ नसेल तरच बाप्तिस्मा पुढे ढकलायला सांगतो. थोडी आशा असली तरी बाप्तिस्मा होऊ शकतो. ‘आम्हाला फक्त बारशासारखा समारंभ हवा, पुढे मुलीला चर्चमध्ये पाठवायचा विचार नाही’ असे पालकच म्हणाले, तर आशा उरत नाही. नोंदणी विवाह केलेले जोडपे दर रविवारी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) येत असेल, किंवा आजी नातीला प्रार्थना शिकवणार असेल, किंवा धर्ममाता (गॉडमदर) गंभीरपणे जबाबदारी घ्यायला तयार असेल, तर आशेला आधार आहे. व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक मंडळाने (आताचे श्रद्धाविषयक खाते) २० ऑक्टोबर १९८० रोजी काढलेल्या ‘पास्तोरालिस अॅक्तिओ’ या सूचनेतही हेच धोरण आहे: धर्ममातापित्यांची निवड किंवा श्रद्धावंतांच्या समुदायाचा आधार यांतूनही पुरेशी हमी मिळू शकते.

तुमच्या लग्नाचा विषय निघेल, आणि निघायलाही हवा. दोघे कॅथलिक असताना चर्चच्या अधिकृत प्रतिनिधीसमोर व दोन साक्षीदारांसमोर संमती दिली नसेल, तर १,१०८व्या कलमानुसार ते लग्न चर्चच्या दृष्टीने अवैध ठरते. दोघांपैकी कुणाचे आधीचे लग्न वगैरे आड येत नसेल तर ते दुरुस्त करणे फार सोपे आहे: कागद, थोडी तयारी, आणि साधेपणाने लावलेले लग्न. फादर हे सुचवतील. सुचवणे वेगळे आणि अट घालणे वेगळे.

अट घालण्यातला धोका लोकांच्या लक्षात येत नाही. ‘लग्न लावल्याशिवाय बाळाला बाप्तिस्मा नाही’ अशा दबावाखाली जोडप्याने ‘हो’ म्हटले, तर ती संमती मोकळी होती का, हा प्रश्न उद्या उभा राहू शकतो. जबरदस्तीने किंवा गंभीर भीतीपोटी झालेले लग्न १,१०३व्या कलमानुसार अवैधच असते. एक गोष्ट नीट करायला जाऊन दुसरी बिघडवण्याचा हा प्रकार. दोन्ही विषय एकाच ऑफिसात, एकाच महिन्यात मार्गी लागोत, पण एकाचे टाळे दुसऱ्याला लावू नये.

फादरांना भेटायला जाताना काय न्यावे? काय विचारतील? — होऊ घातलेले वडील

बाळ जन्मायच्या आधीच जा. ८६७वे कलम सांगते की जन्मानंतर लवकरात लवकर, किंबहुना जन्माआधीही, पालकांनी धर्मगुरूंकडे जावे, आणि पहिल्या काही आठवड्यांतच बाप्तिस्मा व्हावा. तुमच्यासारख्या प्रकरणात लवकर जाण्याचा फायदा दुप्पट आहे, कारण कागद मिळवायला वेळ लागतो.

सोबत नेण्याच्या गोष्टी: बाळाचा जन्मदाखला (झाला असल्यास), आईवडिलांपैकी जे कॅथलिक असतील त्यांचे बाप्तिस्म्याचे दाखले, लग्न ज्या पद्धतीने झाले असेल त्याचा दाखला, आणि धर्ममातापित्यांचे बाप्तिस्मा व दृढीकरण (कन्फर्मेशन) झाल्याचे पुरावे. धर्ममातापिता दुसऱ्या धर्मग्रामातले (पॅरिशमधले) असतील तर त्यांच्या फादरांचे पत्र बहुतेक ठिकाणी मागतात. तुम्ही राहता ते धर्मग्राम सोडून दुसऱ्या चर्चमध्ये बाप्तिस्मा करायचा असेल तर योग्य कारण हवे आणि स्वतःच्या धर्मगुरूंची ना हरकतही लागते. लग्नाची गोष्ट कळू नये म्हणून लांबचे चर्च गाठणारे इथेच अडकतात: तिकडचे फादर पहिला फोन इकडच्या फादरांनाच करतात.

विचारतील ते असे: बाप्तिस्मा का हवा आहे? घरात प्रार्थना होते का? मूल मोठे झाल्यावर त्याला धर्मशिक्षणाला कोण पाठवणार? दोघांपैकी एक जण कॅथलिक नसेल तर त्याचा विरोध आहे का? उत्तरे मोघम देऊ नका. ‘चांगले संस्कार करू’ हे ऐकून फादरांच्या हाती काही लागत नाही. ‘रविवारी मी तिला घेऊन येईन, तिची मावशी याच धर्मग्रामात धर्मशिक्षणाचे वर्ग घेते, ती धर्ममाता होणार आहे’ हे ऐकून लागते.

लग्नाबद्दल खोटे बोलू नका. बाप्तिस्म्यासाठी खोटे बोलायची गरजच नाही, हे वर आलेच आहे. खोटी माहिती नोंदवहीत गेली की ती पुसता येत नाही. दुरुस्तीची वेगळी प्रक्रिया करावी लागते, आणि ती करायची वेळ नेमकी मुलाच्या लग्नाच्या धावपळीत येते.

तयारीच्या सभेला दोघांनी आणि धर्ममातापित्यांनी बसायचे असते. सभा किती, कोणत्या वारी, हे प्रत्येक धर्मग्रामाचे वेगळे. आणि हॉल आधी बुक करून, पत्रिका छापून मग ऑफिसात जाऊ नका. तारीख ठरलेली असली की फादरांचा प्रत्येक साधा प्रश्नही अडवणूक वाटू लागतो.

पैशांबद्दल एका ओळीत: बिशपांनी ठरवलेल्या देणगीखेरीज काही मागता येत नाही, आणि देणगी द्यायला पैसे नाहीत म्हणून संस्कार अडवता येत नाही (कलम ८४८).

आमच्या फादरांनी ‘सध्या थांबा’ असे सांगितले. हा नकार समजायचा का? — एक वडील

कायद्यात आहे ते पुढे ढकलणे, कायमचा नकार नव्हे. आणि पुढे ढकलतानाही कारण पालकांना सांगितलेच पाहिजे, असे ८६८वे कलम म्हणते. म्हणून पहिले काम: कारण स्पष्ट विचारून घ्या, शांतपणे. ‘तुमचे लग्न चर्चमध्ये झालेले नाही’ एवढेच कारण असेल तर ते पुरेसे नाही, आणि नम्रपणे तसे म्हणायला हरकत नाही. ‘मुलाच्या श्रद्धेची जबाबदारी कोण घेणार ते मला दिसत नाही’ हे कारण असेल, तर ते खरे कारण आहे आणि त्याला उत्तर देता येते.

उत्तर म्हणजे वाद नव्हे. तीन-चार रविवार बाळाला घेऊन मिस्साला या. तयारीच्या सभेत नाव द्या. धर्मग्रामातले एखादे जुने कुटुंब तुमच्याबरोबर उभे राहायला तयार असेल तर त्यांना घेऊन पुन्हा भेटा. १९८० च्या त्या सूचनेनुसार ढकललेला बाप्तिस्मा म्हणजे बंद केलेली फाईल नव्हे. धर्मगुरूंनी त्या कुटुंबाशी संपर्क ठेवायचा असतो. इतके करूनही कारण न सांगता टाळाटाळ होत असेल तर बिशपांच्या कार्यालयाला लेखी कळवा. पत्रात तारखा, तुम्ही काय मागितले, काय उत्तर मिळाले, एवढेच लिहा. रागाचे चार परिच्छेद जोडले की मूळ मुद्दा वाचलाच जात नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या ‘एव्हांजेली गाउदियुम’ या पत्रात लिहिले की संस्कारांची दारे वाटेल त्या कारणाने बंद करू नयेत, आणि बाप्तिस्मा तर स्वतःच दार आहे. १२ जानेवारी २०१४ रोजी त्यांनी सिस्टाइन चॅपेलमध्ये ३२ बाळांना बाप्तिस्मा दिला. त्यांतल्या एका बाळाच्या आईवडिलांचे लग्न फक्त नागरी पद्धतीने झालेले होते. फादरांना हे ऐकवून दाखवायची गरज नाही, त्यांना ते ठाऊक असते. पण घरातल्या मोठ्यांना जरूर सांगा.

माझा घटस्फोट होऊन दुसरे लग्न झाले आहे. मी ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) घेत नाही. मग बाळाला घेऊन वेदीपाशी उभी राहू शकते का? — एक वाचक

हो, उभ्या राहा. विधीत आईवडिलांचे जे काम आहे ते तुमचेच आहे. दारापाशी ‘बाळाला नाव काय ठेवता?’ आणि ‘ख्रिस्तसभेकडे काय मागता?’ हे तुम्हाला विचारले जाते. धर्मगुरूंनंतर बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण तुम्ही करता. सैतानाचा त्याग आणि श्रद्धेची कबुली तुम्ही स्वतःच्या तोंडाने देता. शेवटी आईसाठी आणि वडिलांसाठी वेगवेगळा आशीर्वाद असतो. ख्रिस्तप्रसाद घेता येणे ही यांतल्या कशाचीच अट नाही.

बाप्तिस्मा मिस्साच्या आतही देता येतो आणि मिस्साविनाही. नातलगांच्या गर्दीत कम्युनियनच्या रांगेची अवघड वेळ टाळायची असेल तर मिस्साविना बाप्तिस्मा मागा. तो कमी प्रतीचा नसतो; शब्द तेच, पाणी तेच, ख्रिस्मा (अभिषेकाचे पवित्र तेल) तोच.

२०१६ च्या ‘अमोरिस लेतित्सिया’ या पत्राचा आठवा अध्याय तुमच्यासारख्या परिस्थितीतल्या लोकांबद्दल आहे, आणि त्यात मुलांची काळजी व त्यांचे ख्रिस्ती संगोपन सर्वांत महत्त्वाचे मानावे असे म्हटले आहे. पहिल्या लग्नाबद्दल मनात शंका असेल, म्हणजे ते मुळात वैध होते का असा प्रश्न असेल, तर धर्मप्रांताच्या विवाह न्यायाधिकरणाकडे जा. २०१५ च्या सुधारणेनंतर तिथे दोन निकालांची सक्ती राहिलेली नाही. अवैधतेचा पहिला निकाल, त्यावर अपील झाले नाही तर, पुरेसा असतो. पण तो निकाल येईपर्यंत बाळाचा बाप्तिस्मा थांबवू नका. महिने जातात.

माझे पती ख्रिस्ती नाहीत. आमचे लग्न त्यांच्या घरच्या रीतीने झाले, चर्चची परवानगी घेतली नव्हती. बाप्तिस्म्याला त्यांचा विरोध नाही, पण ‘मी खोटी शपथ घेणार नाही’ म्हणतात. — एक आई

त्यांचे बरोबर आहे, आणि चर्चलाही त्यांच्याकडून खोटी शपथ नको आहे. बालकांच्या बाप्तिस्मा विधीच्या प्रस्तावनेतच सोय आहे: जो पालक कॅथलिक नसल्यामुळे श्रद्धेची कबुली देऊ शकत नाही, त्याने त्या वेळी गप्प राहावे. मुलाला श्रद्धेचे शिक्षण मिळू द्यावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा आहे. ते तुमच्या शेजारी उभे राहतील, तुम्ही उत्तरे द्याल. फादरांना हे आधी सांगून ठेवा. नाहीतर प्रश्न दोघांकडे पाहून विचारला जातो आणि उगाच अवघडलेपण येते.

संमती एका पालकाची पुरते, म्हणून कायद्याने तुमचे ‘हो’ पुरेसे आहे. त्यांचा ठाम विरोध असता तर चित्र वेगळे असते. संमतीची अट पूर्ण झाली असती, पण त्या घरात मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल ही आशा डळमळली असती, आणि धर्मगुरूंनी घाई केली नसती. विभक्त झालेल्या जोडप्यांतही हीच अडचण येते. एक पालक बाप्तिस्मा करू पाहतो, दुसरा न्यायालयात जाण्याची धमकी देतो. अशा वेळी ताब्याचा आदेश काय सांगतो ते आधी पाहा. मुलाच्या धर्माचा निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असे त्यात असेल, तर एका सहीवर बाप्तिस्मा उरकणे शहाणपणाचे नाही.

तुमच्या लग्नाचे आता काय करता येईल, हे सविस्तर सांगतो, कारण याबद्दल फार थोड्यांना माहिती असते. कॅथलिक आणि बाप्तिस्मा न झालेली व्यक्ती यांच्या लग्नाला चर्चकडून सूट लागते. ती नव्हती आणि चर्चची पद्धतही पाळली गेली नाही, म्हणून ते लग्न चर्चच्या दृष्टीने अवैध आहे. दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. पहिला: सूट मिळवून धर्मगुरू व दोन साक्षीदारांसमोर नव्याने संमती देणे. दुसरा: ‘सानात्सियो इन रादिचे’, म्हणजे लग्नाचे मुळापासून वैधीकरण. यात पुन्हा समारंभ नाही, पुन्हा शपथा नाहीत. तुम्ही दोघांनी तेव्हा दिलेली संमती अजून टिकून असेल, तर बिशप ती संमती मान्य करून लग्न वैध ठरवू शकतात, आणि त्याचे परिणाम लग्नाच्या दिवसापासून धरले जातात. पतीला चर्चमध्ये उभे राहायचे नसेल तेव्हा हा मार्ग फार उपयोगी पडतो. तुम्हाला, म्हणजे कॅथलिक बाजूला, स्वतःची श्रद्धा जपण्याचे आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक श्रद्धेत होण्यासाठी आपल्याकडून होईल ते सर्व करण्याचे वचन द्यावे लागते. हे वचन दिल्याचे पतीला माहीत असावे लागते, पण वचन देणार तुम्ही, ते नव्हेत. बाप्तिस्म्यासाठी ऑफिसात गेलात की त्याच बैठकीत याची चौकशी करून ठेवा.

माझे लग्न झालेले नाही. बाळाचे वडील संपर्कात नाहीत. नोंदवहीत काय लिहितील? प्रमाणपत्रावर काही शेरा येईल का? — एक आई

शेरा येत नाही. ८७७वे कलम नोंदवहीत काय लिहायचे ते मोजून सांगते: बाळाचे नाव, बाप्तिस्मा देणाऱ्याचे नाव, आईवडील, धर्ममातापिता, साक्षीदार असल्यास त्यांची नावे, बाप्तिस्म्याचे ठिकाण व तारीख, जन्माची तारीख व ठिकाण. आईवडिलांचे लग्न झाले होते का, असा रकाना या यादीत नाही.

लग्न न झालेल्या आईबद्दल त्याच कलमाचा दुसरा भाग आहे. मातृत्व उघडपणे सिद्ध असेल, म्हणजे जन्मदाखल्यावर तुमचे नाव असेल, तर ते लिहायचे. वडिलांचे नाव लिहायला सरकारी कागदाचा पुरावा लागतो, किंवा त्यांनी स्वतः धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांसमोर तसे सांगावे लागते. दोन्ही नसेल तर वडिलांची जागा मोकळी राहते. तुम्ही तोंडी सांगितले म्हणून फादर त्यांचे नाव लिहू शकत नाहीत, आणि ते कठोर वाटले तरी योग्य आहे. पुरावा नसलेले नाव पुढे सगळ्यांनाच त्रास देते. मोकळ्या जागेत ‘अज्ञात’ किंवा तत्सम शब्द लिहायचे काही कारण नाही. नोंद होताना वही समोर असेल तर बघून घ्या, आणि असा शब्द दिसला तर तिथल्या तिथे सांगा. पुढे वडील पुढे आले तर नोंद पुरी करता येते.

आणखी एक. एकट्या आईच्या बाळाचा बाप्तिस्मा आडवारी, संध्याकाळी, दार लोटून उरकण्याची कल्पना अजूनही काहींच्या डोक्यात असते. त्याला कायद्यात आधार नाही. कायदा रविवारी किंवा पास्काच्या जागरणरात्री (ईस्टरच्या आदल्या रात्री) बाप्तिस्मा देण्याची शिफारस करतो, आणि ती सगळ्या बाळांसाठी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये श्रद्धाविषयक खात्याने एका बिशपांना लिहिलेल्या पत्रात, एकट्या मातांना संस्कारांपासून दूर ठेवणाऱ्या कठोरपणाबद्दल चिंताच व्यक्त केली होती.

बहिणीला धर्ममाता करायचे आहे, पण ती लग्नाविना जोडीदाराबरोबर राहते. चालेल का? — एक वाचक

लक्षात घ्या, कायदा आईवडिलांपेक्षा धर्ममातापित्यांच्या बाबतीत अधिक काटेकोर आहे. आईवडील बाळाला आधीच लाभलेले असतात. धर्ममातापिता निवडायचे असतात. ८७४वे कलम सांगते: वय १६ पूर्ण, स्वतः कॅथलिक, दृढीकरण झालेले आणि ख्रिस्तप्रसाद घेतलेला, श्रद्धेला आणि या भूमिकेला साजेसे जीवन, आणि स्वतः बाळाचे आईवडील नसावेत. तुमच्या बहिणीच्या बाबतीत ‘साजेसे जीवन’ या अटीपाशी प्रश्न येतो. निर्णय धर्मगुरूंचा, तिला आश्वासन देण्याआधी त्यांच्याशी बोला. आधी शब्द देऊन मग काढून घेणे, यातून जी कटुता येते ती बाप्तिस्म्यापेक्षा जास्त टिकते.

दोघेच हवेत असेही नाही. एक धर्मपिता, किंवा एक धर्ममाता, किंवा एकेक. दोन धर्ममाता किंवा दोन धर्मपिता मात्र चालत नाहीत. दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचा जवळचा मित्र असेल तर तो कॅथलिक धर्मपित्याबरोबर साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो आणि त्याचे नाव नोंदले जाते. बाप्तिस्माच न झालेला मामा प्रेमाने हजर राहील, पण नोंदवहीत त्याचे नाव येणार नाही. कुणीच मिळत नसेल तर? ८७२वे कलम ‘शक्य तितके’ असे म्हणते, तेव्हा केवळ त्यासाठी बाप्तिस्मा अडत नाही. फादर धर्मग्रामातले कुणीतरी सुचवतात.

मुलगा-सून बाळाच्या बाप्तिस्म्याचे मनावर घेत नाहीत. मी घरीच नळाखाली बाप्तिस्मा दिला तर? — एक आजी

नका देऊ, आजी. नीट पाणी ओतून, योग्य शब्द म्हणून, चर्च जे करते तेच करण्याच्या हेतूने दिलात तर तो वैध होईल, आणि अडचण तिथेच सुरू होईल. वैध बाप्तिस्मा पुन्हा देता येत नाही आणि पुसता येत नाही. मूल कॅथलिक ठरेल, पुढे त्याच्या लग्नाला चर्चचे नियम लागू होतील, आणि हे त्याला किंवा त्याच्या आईवडिलांना ठाऊकही नसेल. शिवाय आईवडिलांच्या संमतीविना, जिवाला धोका नसताना असे करणे कायद्याला धरून नाही. आधीच देऊन बसला असाल तर लपवू नका. फादरांना सांगा, ते नेमके काय केले, काय म्हटले हे विचारतील आणि नोंदीचे काय करायचे ते ठरवतील.

बाळाच्या जिवाला धोका असेल तर सगळेच बदलते. तेव्हा आईवडिलांच्या लग्नाचा प्रश्न कुणी विचारायचाच नाही. धर्मगुरू येईपर्यंत वेळ नसेल तर कुणीही, परिचारिकाही, बाप्तिस्मा देऊ शकते. साधे स्वच्छ पाणी घ्या; दूध, तेल, गुलाबपाणी नको. बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओता आणि ओततानाच म्हणा: ‘मी तुला बाप्तिस्मा देते, पित्याच्या, आणि पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.’ पाणी त्वचेवरून वाहिले पाहिजे. केसांवर ओले बोट टेकवणे पुरेसे नाही. काचपेटीतल्या बाळाला डॉक्टरांना विचारून ड्रॉपरने किंवा सिरिंजने थोडेसे पाणी कपाळावर वाहू दिले तरी चालते. ज्याने पाणी ओतले त्यानेच शब्द म्हणायचे. ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ म्हणू नका: ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ असे म्हणून दिलेला बाप्तिस्मा अवैध आहे, असे व्हॅटिकनने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. शक्य तर एक साक्षीदार ठेवा, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि चर्चला कळवा. बाळ बरे झाले की चर्चमध्ये ख्रिस्माचा अभिषेक, पांढरे वस्त्र, मेणबत्ती हे राहिलेले विधी पुरे करतात. पाणी पुन्हा ओतत नाहीत.

समलिंगी जोडप्याने दत्तक घेतलेल्या किंवा सरोगसीने झालेल्या मुलाचे काय? — धर्मशिक्षण वर्गाचे शिक्षक

हा प्रश्न ब्राझीलमधल्या एका बिशपांनी श्रद्धाविषयक खात्याला विचारला होता. ३१ ऑक्टोबर २०२३ च्या उत्तरात तीच कसोटी सांगितली आहे: मूल कॅथलिक श्रद्धेत वाढवले जाईल अशी साधार आशा हवी. दत्तक मुलाच्या नोंदीत दत्तक पालकांची नावे येतात. जन्मदात्यांच्या नावांबाबत त्या त्या देशाच्या बिशप परिषदेचा नियम पाळायचा.

मूल मोठे झाल्यावर आमच्या लग्नामुळे त्याला कुठे अडेल का? आम्ही पुढे चर्चमध्ये लग्न केले तर त्याची नोंद बदलावी लागेल का? — एक जोडपे

पहिला ख्रिस्तप्रसाद, दृढीकरण, लग्न, धर्मगुरूपद: तुमच्या लग्नाच्या कारणाने यांतले काहीही अडत नाही. १९१७ च्या जुन्या कॅनन कायद्यात विवाहबाह्य जन्म धर्मगुरू होण्याच्या आड येत असे आणि त्यासाठी सूट लागे. ती ऐकीव भीती घराघरांत उरली आहे. १९८३ च्या कायद्याने तो अडथळा काढून टाकला.

तुमचे लग्न पुढे वैध झाले तर १,१३९व्या कलमानुसार आधीची मुलेही औरस मानली जातात, त्यासाठी वेगळा अर्ज नाही. मुलाची बाप्तिस्म्याची नोंद जशीच्या तशी राहते. नवी नोंद होते ती तुमच्या स्वतःच्या बाप्तिस्म्यांच्या वहीत: लग्न झालेले चर्च तुमचा जिथे बाप्तिस्मा झाला त्या चर्चला कळवते आणि तिथे समासात लग्नाची तारीख लिहिली जाते. हे कळवणे राहून जाण्याचे प्रमाण कमी नाही. लग्नानंतर काही महिन्यांनी तुमच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याची ताजी प्रत मागवा आणि समासातली नोंद आली आहे का ते पाहा. आली नसेल तर लग्नाच्या चर्चला एक पत्र पाठवले की काम होते.